सकाळच्या निर्देशांकाशेजारी आर्द्रताही छापावी

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात पूर्व उपनगरांचे एक छायाचित्र आले होते आणि त्याखाली मुंबईवर धुक्याची दुलई पसरल्याची ओळ होती. त्याच पानाच्या खालच्या कोपऱ्यात हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक दिला होता आणि तो ‘मध्यम’ होता. छायाचित्रात मात्र दोन इमारतींपलीकडचे काहीच दिसत नव्हते. एकाच पानावर या दोन गोष्टी कशा नांदतात, असे माझ्या ओळखीच्या निदान चार जणांनी मला विचारले. मी एकतीस वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवले, त्यामुळे निवृत्तीनंतरही असले प्रश्न माझ्याच दारात येतात. त्यांना जे तोंडी सांगितले ते जरा सविस्तर लिहून पाठवत आहे, कारण त्यात वृत्तपत्रांनी सहज करण्याजोगे एक काम दडलेले आहे.

मी मुलुंड पूर्वेला, खाडीच्या अंगाला राहतो. आमच्या गच्चीवरून पूर्वेकडे पाहिले की आधी मिठागरांतले विजेचे मनोरे दिसतात, मग ऐरोलीचा पूल आणि त्याच्या मागे पाच-सात किलोमीटरवर पारसिकच्या डोंगराची कड. वेधशाळेतला निरीक्षक ठरलेल्या अंतरांवरच्या खुणा पाहून दृश्यमानता नोंदवतो, तीच पद्धत मी हौसेने चालवली आहे. गॅलरीत दोन तापमापक टांगले आहेत. त्यातल्या एकाच्या फुग्याला मलमलची चिंधी गुंडाळून तिचे टोक पाण्याच्या बाटलीत सोडले आहे. दोन्ही आकड्यांतल्या फरकावरून कोष्टकात सापेक्ष आर्द्रता सापडते, म्हणजे हवा जास्तीत जास्त जेवढे बाष्प सामावू शकते त्याच्या किती टक्के तिच्यात आहे ते. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत हा प्रयोग मुले कंटाळत करायची. आता मी रोज करतो.

जानेवारीतल्या एका मंगळवारची नोंद इथे देतो. पहाटे सहा वाजता कोरडा तापमापक २१ अंशांवर होता आणि ओला १९ वर, म्हणजे आर्द्रता ८३ टक्के. पुलाचे दिवे पिवळट डागांसारखे दिसत होते आणि पारसिक दिसतच नव्हता. अकरा वाजता कोरडा २८ वर गेला होता, ओला २१ वर, म्हणजे आर्द्रता ५३ टक्के. डोंगराची कड उमटली होती, पण मळक्या काचेतून पाहावी तशी. आता गणित करून पाहिले तर पहाटे एक घनमीटर हवेत साधारण १५ ग्रॅम बाष्प होते आणि अकराला साडेचौदा. बाष्प जवळजवळ तेवढेच होते. हवा तापली, तिची बाष्प सामावण्याची ताकद वाढली आणि म्हणून टक्केवारी खाली आली. सामान्य बोलण्यात आपण दोन्हींना दमटपणाच म्हणतो, पण हवेतले पाणी आणि हवेची आर्द्रता या वेगळ्या गोष्टी आहेत आणि सगळा घोटाळा इथूनच सुरू होतो.

८३ टक्क्यांना धुके पडत नाही. धुके पडायला हवा बाष्पाने जवळजवळ संपृक्त व्हावी लागते, म्हणजे आर्द्रता १०० टक्क्यांच्या जवळ जावी लागते, आणि दृश्यमानता एक किलोमीटरच्या खाली गेली तरच हवामानखाते त्याला धुके म्हणते. हिवाळ्यात बदलापूर-कर्जतच्या बाजूला कधी कधी खरे धुके पडते. मुंबईत आपण पाहतो तो बहुतेक वेळा सूक्ष्म कणांचा झाकोळ असतो. या तरंगत्या कणांना शास्त्रज्ञ एरोसोल म्हणतात. त्यात गाड्यांची आणि भट्ट्यांची काजळी असते, रस्त्याची आणि बांधकामाची धूळ असते, समुद्राचे मीठ असते, आणि गंधकाच्या व नायट्रोजनच्या वायूंपासून हवेतच तयार झालेले सल्फेट आणि नायट्रेटचे क्षार असतात.

यातले क्षार पाणी ओढतात, हे मुंबईकराला वेगळे सांगायला नको. पावसाळ्यात मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे टाकण्याची पद्धत आपल्याकडे घरोघरी आहे. शुद्ध मिठाचा कण आर्द्रता ७५ टक्क्यांपर्यंत कोरडा राहतो आणि ती रेषा ओलांडली की एकाएकी विरघळून थेंब होतो. जाडे मीठ मॅग्नेशियमच्या क्षारांमुळे त्याआधीच पाणी सोडू लागते. अमोनियम सल्फेटची रेषा ८० टक्क्यांच्या आसपास आहे. बरणीत जे होते तेच हवेत प्रत्येक कणाचे होते. ८० टक्क्यांच्या पुढे क्षाराच्या कणाचा व्यास सुमारे दीडपट होतो, म्हणजे प्रकाशाच्या वाटेत येणारे त्याचे क्षेत्र सव्वादोनपट होते. कणांची संख्या एकानेही न वाढता पारसिकचा डोंगर नाहीसा होतो तो असा.

त्यातही एक खोच आहे. विरघळलेला कण वाळताना त्याच वाटेने परत येत नाही. मिठाचा थेंब आर्द्रता ७५ च्या खाली आली तरी थेंबच राहतो आणि साधारण ४५ टक्क्यांपर्यंत उतरल्यावर कुठे पुन्हा स्फटिक होतो. म्हणून त्या मंगळवारी अकरा वाजता ५३ टक्क्यांनाही कड मळकट होती. ऊन चांगले चढले तरी हे सावट का जात नाही, असे फिरायला जाणारे लोक विचारतात, त्याचे एक कारण हे आहे.

आता निर्देशांकाकडे येतो. मोजणी केंद्रातले यंत्र हवा आत ओढताना ती गरम करून कोरडी करते, जेणेकरून कणांवर चढलेले पाणी उडून जावे आणि उरलेल्या सुक्या कणांचे वजन मिळावे. यात लबाडी काहीच नाही. तसे केले नाही तर मुंबईची तुलना दिल्लीशी किंवा जुलैची जानेवारीशी करता येणार नाही. आपल्या देशाची मर्यादाही त्या कोरड्या वजनालाच लावायची असते. अडीच मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लहान कणांसाठी ती २४ तासांच्या सरासरीला घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली मर्यादा १५ आहे. शिवाय निर्देशांकातली कणांची मोजणी २४ तासांच्या सरासरीवर बेतलेली असते. थोडक्यात, पानावरचे छायाचित्र ओल्या कणांचे आणि सकाळी सातचे होते, तर कोपऱ्यातला आकडा सुक्या कणांचा आणि दिवस-रात्रीचा होता. दोन्ही खरेच होते.

हे वाचकांना न सांगितल्यामुळे काय होते ते आमच्या सोसायटीत मी पाहिले. कोणीतरी हजार-दोन हजारांचा एक छोटा संवेदक आणून फाटकाशी लावला. हे स्वस्त यंत्र कणांचे वजन करत नाही. कणांवरून उडालेला प्रकाश मोजते, आणि हवा कोरडी करण्याची सोय त्यात नसते. त्यामुळे पहाटे फुगलेले कण त्याला जास्त वाटतात. साहजिकच त्याने ‘अतिशय खराब’ दाखवले आणि सरकारी संकेतस्थळाने ‘मध्यम’. व्हॉट्सॲपच्या गटात तीन दिवस भांडण चालले. एका पक्षाचे म्हणणे की सरकार आकडे दडपते. दुसऱ्याचे म्हणणे की हे सगळे धुकेच आहे आणि संवेदक फेकून द्यावा. मी ओल्या चिंधीचे छायाचित्र टाकून समजावू पाहिले, तर त्यावर कोणीतरी अंगठा दाखवला आणि भांडण पुढे चालू राहिले.

‘धुकेच आहे’ म्हणणाऱ्यांची समजूत मला जास्त घातक वाटते, आणि तिला आपल्या छायाचित्राखालची ओळ खतपाणी घालते. तिची उलट बाजू तर आणखी वाईट. दुपारी तीनला कोरडी हवा असते, पारसिकवरची झाडे वेगळी दिसतात आणि माणसे पळायला बाहेर पडतात. पण कोरड्या कणांचे वजन तेव्हाही मर्यादेपलीकडे असू शकते. श्वासनलिकेत हवा जवळजवळ संपृक्तच असते, म्हणजे दुपारचा सुका कणही आत गेल्यावर फुगतोच. डोळा आर्द्रता पाहतो, फुप्फुस वजन मोजते.

इथवर मी कणांबद्दल लिहिले. पण शहर केवळ कणच तयार करत नाही, ते हवेतले पाणीही बदलते, आणि ही बाजू आपल्याकडे फारशी बोलली जात नाही. दिवसा शहर हवा सुकवते. एक लिटर पाण्याचे बाष्प व्हायला जेवढी उष्णता लागते तेवढ्यात हजार वॉटची विजेची शेगडी चाळीस मिनिटे पेटती ठेवता येईल. राष्ट्रीय उद्यानाच्या शंभरेक चौरस किलोमीटर झाडीत, विहार-तुळशीच्या पाण्यावर आणि आमच्या खाडीकाठच्या मिठागरांत उन्हाची बरीचशी उष्णता या कामी खर्च होते. डांबर आणि काँक्रीट यांच्याकडे उडवायला पाणीच नसते, कारण पावसाचे पाणी आपण नाल्यांतून कधीच समुद्राला देऊन टाकलेले असते. त्यामुळे तीच उष्णता भिंतींत मुरते आणि रात्रभर बाहेर येत राहते. मुलुंड, भांडुप, कांजूरच्या मिठागरांच्या जमिनीवर घरे बांधायचा निर्णय राज्य सरकारने २०२४ मध्ये घेतला, तेव्हा चर्चा पुराची आणि फ्लेमिंगोंची झाली. ती व्हायलाच हवी होती. परंतु उन्हाळाभर फुकट चालणारे बाष्पीभवनाचे हे एवढे मोठे ताट आपण उचलून ठेवणार आहोत, हे कोणाच्या बोलण्यात आले नाही.

रात्री मात्र चित्र पालटते. झाडीत पाने आणि माती गार पडतात, त्यांच्यावर दव जमते आणि हवेतले पाणी खाली उतरते. शहरात भिंती उबदार राहतात, दव फारसे पडत नाही, आणि वर आपण पाणी सोडतच असतो. स्वयंपाकाचा १४.२ किलोचा सिलिंडर संपतो तेव्हा त्याच्या ज्वालेतून जवळपास २२ लिटर पाणी वाफ होऊन खिडकीबाहेर गेलेले असते. सीएनजीचा एक किलो जळला की सव्वादोन किलो पाणी होते. थंडीच्या पहाटे रिक्षाच्या नळीतून ठिबकणारे थेंब त्याचेच. म्हणून पहाटेच्या सुमारास शहरातल्या हवेत आसपासच्या झाडीपेक्षा बाष्प जास्त असू शकते आणि तरीही, हवा उबदार असल्यामुळे, सापेक्ष आर्द्रता कमी भरू शकते. या दोन ओढींपैकी कोणती जिंकते ते वस्तीगणिक बदलते. आमच्याकडे खाडीकाठी आणि तिकडे आरेच्या कडेला कणांना जास्त पाणी मिळते, तर दाट वस्तीच्या आत काजळी जास्त मिळते. झाकोळ सर्वांत गडद दिसतो तो या दोहोंच्या शिवेवर, असा माझा अनुभव आहे.

मुंबईच्या बाबतीत कुलाबा आणि सांताक्रूझ या दोन वेधशाळांचे आकडे शेजारी ठेवून शहर आणि मोकळी जागा अशी तुलना करण्याची एक सवय पडली आहे. ती सोडायला हवी. कुलाब्याला तीन बाजूंनी समुद्र आहे, तिथले तापमान आणि आर्द्रता शहरापेक्षा समुद्र जास्त ठरवतो. जाता जाता सांगतो, कुलाब्याच्या चुंबकीय वेधशाळेला १९०४ मध्ये अलिबागला जावे लागले ते मुंबईत येऊ घातलेल्या विजेच्या ट्राममुळे. शहर मोजणाऱ्यालाच जागेवरून उठवते, ही गोष्ट तशी जुनी आहे.

हे सगळे कुठे जाते, ते वारा ठरवतो. शाळेत आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलो, परीक्षेत आकृती काढली आणि विसरून गेलो. हिवाळ्याच्या रात्री जमीन गार होते, जमिनीलगतची थंड हवा उबदार हवेच्या झाकणाखाली अडकते आणि शहराने रात्रभर सोडलेले सगळे त्या थोड्याशा उंचीत साठते. पहाटे मतलई वारे ते हळूहळू समुद्रावर नेतात. आपल्याला वाटते गेले. परंतु दुपारी खारे वारे सुरू झाले की तीच हवा, समुद्रावर बाष्प पिऊन, परत येते. मधल्या काही तासांत ओल्या कणांत गंधकाचा वायू विरघळून त्याचे आणखी सल्फेट झालेले असते, म्हणजे गेलेला कण परत येताना जास्त तहानलेला असतो. खारे वारे वेळेवर आणि जोराचे आले तर सगळी हवा धुऊन निघते. उशिरा आणि मरगळलेले आले तर ही ये-जा दोन-तीन दिवस चालते आणि आपण म्हणतो की अचानक हवा बिघडली. पुढे तोच वारा हा माल ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवलीकडे पोचवतो. पारसिकच्या डोंगराशी तो अडतो, हे मी गच्चीवरून पाहतो; संध्याकाळी डोंगराच्या पायथ्याला एक तपकिरी पट्टा धरतो आणि माथा त्याच्यावर मोकळा असतो.

हे समुद्रावर जाणे किती दूरवर पोचते ते १९९९ च्या जानेवारी ते मार्चमध्ये इंडोएक्स या आंतरराष्ट्रीय मोहिमेत दिसले. वीरभद्रन रामनाथन आणि पॉल क्रुटझेन यांच्यासारखे शास्त्रज्ञ तीत होते. हिवाळ्यातला ईशान्य वारा आपल्या उपखंडाचा झाकोळ अरबी समुद्रावरून थेट मालदीवच्या पलीकडे नेतो, असे तिथे आढळले. त्यातली काजळी ऊन वरच्या थरातच शोषून घेते. वरची हवा तापते, खालचे पाणी आणि जमीन त्या मानाने कमी तापतात, त्यामुळे बाष्पीभवन घटते आणि वर उल्लेखलेले झाकण आणखी घट्ट बसते. कणांचा आणि बाष्पाचा संबंध असा दोन्ही बाजूंनी आहे.

पावसाचे मात्र मी सावधपणे बोलेन. ढगातल्या प्रत्येक थेंबाला बसायला एक कण लागतो, हे स्कॉटिश शास्त्रज्ञ जॉन एटकेन यांनी १८८० च्या सुमारास दाखवले. कण फार झाले की तेच पाणी जास्त थेंबांत वाटले जाते, थेंब बारीक राहतात आणि उथळ ढगांतून पाऊस पडायला अडचण होते. पण २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर आणि कुलाब्याला ७३ मिलिमीटर पाऊस झाला, याचा ठपका शहराच्या धुळीवर ठेवण्याचा मोह काही लेखांत दिसतो, तो मला पटत नाही. मोसमी पावसाच्या हिशेबात आपल्या काजळीचा वाटा वेगळा काढणे अतिशय कठीण आहे.

आता महानगरपालिकेच्या फवाऱ्यांबद्दल. ऑक्टोबर २०२३ मध्ये हवा बिघडली तेव्हा उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि पालिकेने बांधकामांसाठी उंच पत्रे, झाकायचे कापड, पाण्याचा फवारा असे नियम जाहीर केले. नियम चांगलेच आहेत. पत्र्यामुळे आणि कापडामुळे धूळ मुळातच बाहेर येत नाही, आणि जाड धूळ पाण्याने बसते हे अंगणात सडा घालणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. परंतु आमच्या शेजारच्या बांधकामावर, नाव घेत नाही, पत्रे जेमतेम पुरुषभर उंचीचे आहेत आणि फवाऱ्याची तोफ मात्र रोज पहाटे साडेसहाला न चुकता सुटते. त्या वेळी आर्द्रता ८० च्या पुढे असते. बारीक तुषार अडीच मायक्रॉनखालच्या कणांना फारसे पकडत नाहीत. ते कण त्यांना वळसा घालून निघून जातात. वर टँकरचे पाणी क्षारयुक्त असेल तर तुषार वाळल्यावर त्यातले क्षार हवेतच उरतात. हाच फवारा दुपारी बारा ते चार, जेव्हा ट्रक आत-बाहेर करतात आणि हवा सुकी असते, तेव्हा मारला तर त्याच पाण्यात जास्त काम होईल. वेळ बदलायला पैसे लागत नाहीत. तिथल्या पर्यवेक्षकाला मी हे दोनदा सांगितले. तो म्हणाला, सकाळचे फोटो वरिष्ठांना पाठवावे लागतात.

माझी विनंती एवढीच आहे. निर्देशांक छापताना त्याच चौकटीत सकाळी सहाची आणि दुपारी तीनची सापेक्ष आर्द्रता द्यावी. दोन्ही आकडे हवामानखात्याकडे रोज तयार असतात. जमल्यास आदल्या दिवशी खारे वारे किती वाजता सुरू झाले तेही द्यावे. सांताक्रूझहून पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचला हवामानाचा फुगा सोडला जातो; त्यावरून जमिनीलगतच्या थंड हवेवरचे झाकण किती उंचीवर बसले आहे ते कळते. तो आकडा आठवड्यातून एकदा जरी आपल्या वार्ताहराने विचारून घेतला तरी ‘अचानक बिघडलेल्या’ हवेच्या बातम्यांचे निम्मे गूढ उकलेल. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेची ‘सफर’ ही अंदाज देणारी प्रणाली मुंबईत २०१५ पासून आहे, तेव्हा विचारायला माणसे मिळणार नाहीत असेही नाही.

आणि छायाचित्राखालच्या ओळीत आर्द्रता ९५ टक्क्यांच्या खाली असेल तर ‘धुके’ लिहू नये. आपल्या भाषेत ‘धुरके’ हा चांगला, रुळलेला शब्द आहे. नुसते धूसर असेल तर ‘झाकोळ’ आहे. आज सकाळी माझ्या गॅलरीत २२ आणि २०, म्हणजे ८३ टक्के. मनोरे दिसत होते, पूल अर्धा, पारसिक नाही.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक,
मुलुंड (पूर्व), मुंबई